आंब्याची फळी आणि उजनीची मरळ

लाकडाच्या वखारीत जाऊन मी आंब्याची फळी मागितली, तेव्हा मालकांनी आधी मापे विचारली. चौदा इंच लांब, सात इंच रुंद आणि पाच सूत जाड, असे मी सांगितले. "पाटाला एवढी पातळ चालत नाही, बाई," ते म्हणाले. पाट करायचा नाही, फळीवर मासा भाजायचा आहे, असे सांगितल्यावर त्यांनी हातातली टेप गुंडाळून ठेवली आणि क्षणभर विचार करून म्हणाले, "मग औषध मारलेलं देऊन चालायचं नाही की ओ." या एका वाक्याने माझे निम्मे काम झाले, कारण त्याआधीचे दोन महिने मी नेमक्या याच प्रश्नापाशी अडकले होते.

फळीवर भाजलेला मासा मी पहिल्यांदा खाल्ला तो 2023 च्या सप्टेंबरात, सिअ‍ॅटलला लेकीच्या घरी. तिकडे सॅमनचा मोठा तुकडा पाण्यात भिजवलेल्या सीडरच्या फळीवर ठेवतात आणि ती फळी माशासकट झाकणाच्या शेगडीत ठेवून देतात. मासा उलटावा लागत नाही, त्याला जाळीचे चटके बसत नाहीत, आणि फळीची खालची बाजू करपताना जो धूर निघतो तो हलकेच माशाला लागतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी फार पूर्वीपासून सॅमन उभा चिरून, सीडरच्या काठ्यांत अडकवून विस्तवाच्या कडेला भाजत आले आहेत. त्यांच्या होड्या, घरे आणि टोपल्याही याच झाडाच्या. फिनलंडमध्येही सॅमन फळीला ठोकून, ती फळी जाळासमोर उभी करून भाजण्याची रीत आहे. लेकीच्या अंगणात तो पहिला घास घेतला तेव्हा मला मात्र आपली हुरड्याची आगटी आठवली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणसाला जसा आराचा वास असतो आणि तरीही दाण्याची चव दबत नाही, तसेच काहीसे त्या माशाचे होते. सोलापुरात परतल्यावर हे आपल्या लाकडावर आणि आपल्या माशावर करून पाहायचे, असे मी तेव्हाच ठरवले.

लेकीने येताना सीडरच्या दोन फळ्या बॅगेत घालून देऊ केल्या होत्या, पण मी त्या आणल्या नाहीत. दोन फळ्या दोन वेळा वापरून संपल्या असत्या आणि पुन्हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

सीडर म्हणजे आपला देवदार, असे मी सुरुवातीला धरून चालले होते. ते तसे नाही. हिमालयातला देवदार हा खरा सीडर. अमेरिकेत फळीसाठी वापरतात तो वेस्टर्न रेड सीडर सायप्रसच्या कुळातला वेगळाच वृक्ष आहे. त्यातून आपल्या वखारीत देवदार म्हणून जे फिक्कट, मऊ लाकूड दाखवतात ते बऱ्याचदा पाइनचे असते, आणि पाइनमध्ये राळ असते. राळेचे लाकूड तापले की काळा, चिकट धूर सोडते आणि तो धूर अन्नावर बसतो. त्यामुळे देवदार बाद झाला. शेजारच्या वहिनींच्या मुलाने कारखान्यातून सुट्या झालेल्या पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या, फळ्या आणून दिल्या. त्या दिसायला स्वच्छ होत्या आणि फुकट होत्या. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या अशा पॅलेटवर एक शिक्का असतो, त्यात गव्हाच्या लोंबीचे चित्र आणि दोन अक्षरे असतात. एचटी म्हणजे लाकूड नुसते तापवून कीड मारलेली आहे, आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. माझ्या हातातल्या दोन फळ्यांवर एमबी होते आणि बाकीच्यांवर काहीच नव्हते. एचटी असलेली फळीदेखील मी घेतली नसती, कारण तिच्यावर पुढे काय काय सांडले असेल हे कळायला मार्ग नसतो. अन्नाखाली जळणारे लाकूड कुठून आले हे आपल्याला ठाऊकच असले पाहिजे, असे माझे ठाम मत त्या दिवसापासून झाले.

मग चूक झाली ती सागाची. घरात दाराच्या कामातून उरलेली, पॉलिश न केलेली सागवानी फळी होती. साग म्हणजे उत्तम लाकूड हे आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की ते कशासाठी उत्तम, हा प्रश्न मनात येत नाही. सागात अंगचे तेल असते. त्याच तेलामुळे तो पावसात टिकतो आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच तेलामुळे तो पाणीही नीट पीत नाही. रात्रभर बादलीत ठेवलेली ती फळी सकाळी पुसली तर जवळजवळ कोरडीच वाटली. विस्तवावर ठेवल्यावर तिचा धूर घशाला लागला, आणि तिच्यावरचा मासा इतका कडवट झाला की पहिल्या घासानंतर आम्ही ताट बाजूला ठेवले. अर्धा किलो चांगली मासळी त्या दिवशी वाया गेली, याचे मला अजूनही वाईट वाटते.

कोणते लाकूड घ्यावे हे शेवटी मला मासळीबाजारात कळले. माझ्या नेहमीच्या मावशी ज्या ओंडक्यावर मासे कापतात तो चिंचेचा आहे. खाटकाचा ओंडकाही आपल्याकडे बहुधा चिंचेचाच असतो, कारण ते लाकूड कठीण आणि चिवट असते, सुऱ्याच्या घावाने त्याचा भुसा पडत नाही आणि त्याचा वास मांसाला लागत नाही. चिंच मात्र इतकी घट्ट की ती पाणी सावकाश पिते आणि पातळ फळी कापायला आरागिरणीवालेही कुरकुरतात. मावशींना मी माझी अडचण सांगितली. त्या हातातली मासोळी साफ करत म्हणाल्या, "आंब्याचं घ्या की. होमाला आंबाच जाळतात ना, मग धूर वाईट असंल व्हय?" मला हे आधी सुचायला हवे होते. आंब्याच्या लाकडाला पाइनसारखी राळ नाही, उग्र वास नाही, ते मध्यम वजनाचे असते, पाणी चांगले पिते आणि आपल्या भागात सहज मिळते. त्याचा एकच दोष म्हणजे त्याला भुंगा फार लवकर लागतो, आणि म्हणूनच वखारीत कापून ठेवलेल्या आंब्यावर बरेचदा औषध मारलेले असते. वखारीच्या मालकांचे ते वाक्य मला इतके मोलाचे का वाटले, ते यावरून कळेल. त्यांनी माझ्यासमोर नव्या ओंडक्यातून चार फळ्या कापून दिल्या आणि त्यांना रंधा मारू दिला नाही. खरखरीत फळीवर मासा सरकत नाही, हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. त्या फळ्या मी पंधरा दिवस गच्चीवर सावलीत उभ्या करून वाळवल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर सोलापूरच्या हवेत त्या दोन दिवसांत पिळवटल्या असत्या.

आंब्याच्या फळीवरचा पहिला प्रयत्नही फसला, पण त्यातून मला फळीचे काम काय आहे ते समजले. अनेक ठिकाणी तासभर भिजवणे पुरते असे सांगतात. मी घाईत चाळीस मिनिटेच भिजवली, आणि शेगडीवर निखाऱ्यांच्या थेट वर ठेवली. दहाव्या मिनिटाला कडेने जाळ धरला. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले. कोरडी फळी 640 ग्रॅम भरली. चाळीस मिनिटे बुडवल्यावर ती 680 झाली, आणि रात्रभर बुडवल्यावर 810. म्हणजे घाईच्या दिवशी तिने जेमतेम 40 ग्रॅम पाणी घेतले होते, आणि रात्रभरात 170. हे पाणीच माशाचे राखण करते. लाकडात पाणी आहे तोवर त्या भागाचे तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही, कारण येणारी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपले की लाकूड तापत जाते आणि अडीचशे-तीनशे अंशांच्या सुमारास ते पेटण्याच्या बेतात येते. म्हणून चांगल्या भिजलेल्या फळीत एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. वरची बाजू ओली राहून माशाला खालून वाफ देते, खालची बाजू वाळून करपते आणि धूर देते, आणि झाकणाखाली कोंडलेली धग माशाला वरून भाजते. लाकडाला कडकपणा देणारा लिग्निन नावाचा घटक जळताना सुटणारी द्रव्ये ही त्या धुराच्या वासाचे मूळ आहे. ती धुमसण्यातून चांगली मिळतात. जाळ धरला की वास जातो आणि काजळी तेवढी उरते.

भिजवण्यासाठी फळी पाण्याखाली राहायला हवी, आणि ती तरंगते. मी तिच्यावर वरवंटा ठेवते. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेव्हा एका फळीसाठी अर्धी बादली पाणी भरून ठेवणे मनाला पटत नव्हते. म्हणून फळी मावेल एवढ्याच उथळ परातीत, दोन बोटे पाण्यात ती ठेवायची, अधूनमधून उलटायची, आणि उरलेले पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घालायचे, अशी पद्धत मी पाडून घेतली. अनेकजण त्या पाण्यात मीठ किंवा लिंबू घालतात. मी घालत नाही. चवीत काही फरक पडलेला मला जाणवला नाही, आणि मिठाचे पाणी कुंडीला चालत नाही. फळी पाण्यातून काढायची ती थेट विस्तवावर ठेवायच्या वेळीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की ओट्यावर पंधरा मिनिटे ठेवलेल्या फळीचा वरचा थर पांढरा पडू लागतो.

आता माशाविषयी. सॅमन तेलकट मासा आहे, त्यामुळे धगीत थोडा जास्त राहिला तरी तो कोरडा पडत नाही. रावसाला दुकानांत कधीकधी इंडियन सॅमन म्हणतात, पण त्याचा सॅमनशी काही संबंध नाही. आणि बर्फातून आलेला समुद्राचा मासा मला या कामासाठी नकोच होता. सोलापूर जिल्ह्याला उजनी आहे. माढा तालुक्यात भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पुरे झाले आणि त्याच्या पाण्यावर मासेमारीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. पुणे रस्त्यावर भिगवणच्या मासळीबाजारात हे मासे पाहण्यासारखे असतात. रोहू आणि कटला चवीला चांगले, पण त्यांच्या मांसात दुबेळके बारीक काटे असतात. रश्श्यात ते चालून जातात, फळीवर मात्र सपाट भाजलेल्या तुकड्यातून ते वेचत बसावे लागते. चिलापी स्वस्त आणि मुबलक मिळते, तिचे काटे मोठे आणि सहज निघणारे असतात, पण तिचे मांस पातळ आणि बिनतेलाचे असल्यामुळे ते लवकर सुकते. फळी पेटली त्या दिवशी तिच्यावर चिलापीच होती. उरली मरळ. मांस घट्ट आणि पांढरे, मधल्या कण्याशिवाय काटे अगदी थोडे, आणि अंगाने जाड. मरळ हवेतही श्वास घेऊ शकते, म्हणून बाजारात ती टबातल्या थोड्याशा पाण्यात तासन्‌तास जिवंत राहते आणि आपल्यासमोर कापून मिळते. ताजेपणाची याहून मोठी खात्री समुद्रापासून इतक्या दूर मिळणे कठीण आहे. किमतीला ती महाग पडते, हे मान्य केले पाहिजे.

मावशींकडून मी सव्वा किलोची मरळ घेतली. तिच्या अंगाला बुळबुळीत थर असतो. त्यांनी तो चुलीच्या राखेने चोळून काढला, खवले खरवडले, डोके आणि शेपूट वेगळे केले आणि माझ्या सांगण्यावरून पाठीतून उभी चिरून कणा काढून दिला. कातडी मी ठेवायला सांगितली होती. घरी आल्यावर दोन्ही फाकांना नुसते मीठ लावून वीस मिनिटे ठेवले, सुटलेले पाणी स्वच्छ फडक्याने टिपून घेतले आणि मग शेंगदाण्याच्या तेलात चिमूटभर हळद व वाटलेला लसूण कालवून तो हात वरून फिरवला. काळे तिखट मी लावले नाही. आमच्या घरात काळ्या तिखटाशिवाय मासा होत नाही आणि तो रस्सा मला प्राणप्रिय आहे, तरीही फळीवर ते नको, असे मी आग्रहाने सांगेन. धुराचा वास इतका नाजूक असतो की भाजलेल्या खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा वास त्याला पुरता झाकून टाकतो, आणि मग लाकडासाठी घेतलेल्या एवढ्या कष्टांना अर्थ उरत नाही.

शेगडी माझ्याकडे साधी लोखंडी होती आणि तिला झाकण नव्हते. गच्चीवर सहा विटा मांडून, त्यावर जाळी ठेवून मी चौकोनी चूल केली आणि झाकण म्हणून लग्नकार्यातले जर्मनचे मोठे पातेले पालथे घातले. हवा खेळावी म्हणून त्याची एक कड खापराच्या तुकड्यावर टेकवली. कोळसा लोणारी घेतला. चांगला फुललेला लोणारी कोळसा जवळपास धूर करत नाही, त्यामुळे माशाला जो धूर लागेल तो फळीचाच असेल, याची खात्री राहते. हुरडा भाजणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की जाळावर काही भाजायचे नसते. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत मी पाऊण तास थांबले. मग निखारे दोन बाजूंना सारले आणि मधली जागा मोकळी ठेवली, कारण निखाऱ्यांच्या थेट वर ठेवलेली फळी कितीही भिजलेली असली तरी तिची कड पेट घेते.

परातीतून काढलेली फळी निथळवून आधी रिकामीच जाळीवर ठेवली. तीन-चार मिनिटांत तिच्या टोकांतून पाण्याचे बारीक बुडबुडे फुटू लागले, चटचट आवाज आला आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर आमराईत येतो तसा ओलसर गोड वास सुटला. तेव्हा फळी उलटली, तापलेल्या बाजूवर तेलाचा हात फिरवला आणि दोन्ही फाका कातडी खाली करून शेजारी शेजारी ठेवल्या. वरून पातेले झाकले. त्यानंतर करण्यासारखे फार काही नव्हते, आणि हेच मला या पद्धतीत सर्वांत अवघड गेले. तव्यावर मासा परतण्याची सवय असलेल्या हाताला नुसते बसून राहता येत नाही. दर वेळी झाकण उचलले की कोंडलेली धग निघून जाते आणि आत शिरलेली हवा फळीला पेटवू पाहते. मी शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला होता. पंधराव्या मिनिटाला एका कडेला लहानशी ज्योत दिसली, तिच्यावर बोटांनी पाणी शिंपडले आणि पुन्हा झाकण ठेवले. फटीतून येणारा धूर निळसर आणि पातळ होता. तो पांढरा आणि दाट झाला की फळी फार करपते आहे असे समजावे.

अमेरिकेत मासा आतून 63 अंश सेल्सिअस तापला पाहिजे असे सांगतात. लेकीने दिलेल्या स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मी जाड भागात पाहिले, तर विसाव्या मिनिटाला 56 आणि चोविसाव्या मिनिटाला 64 भरले. थर्मामीटर नसेल तर काट्याने जाड भाग किंचित फाकवून पाहावे. मांसाची काचेसारखी झाक जाऊन ते दुधासारखे पांढरे झाले असेल आणि त्याचे पदर सुटत असतील, तर मासा झाला. गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा ठेवू नये, कारण त्यात परोपजीवी कृमी असू शकतात. सॅमन काहीजण आतून गुलाबी ठेवतात, ते इथे करायचे नाही.

फळी तशीच उचलून मी जेवणाच्या जागी आणली. खालची बाजू कोळशासारखी काळी होती आणि वर माशाच्या कडेला सोनेरी-तपकिरी रेघ धरली होती. उलथने मांस आणि कातडी यांच्या मध्ये घातले तेव्हा कातडी खरखरीत फळीला घट्ट चिकटून राहिली आणि वरचे मांस अखंड निघून आले, एकही तुकडा न मोडता. लिंबू तेव्हा पिळले. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा एवढेच बरोबर होते. सासूबाईंना आता दातांमुळे मासा जपून खावा लागतो, त्यांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "शेतावर आंब्याखाली चूल मांडायचो ना आपण, तो वास आहे गं हा." माझ्या लेखी तिसऱ्या प्रयत्नाची ती पावती होती. सिअ‍ॅटलच्या माशाशी या चवीची तुलना करू नये असे मला वाटते. सीडरचा धूर मसाल्याच्या लाकडासारखा तीव्र असतो, आंब्याचा सौम्य आणि किंचित गोडसर.

एक फळी दोनदा वापरता येते. पहिल्या वेळेनंतर ती गरम पाण्याने आणि मिठाने घासायची, साबण लावायचा नाही, कारण लाकूड साबण शोषून घेते आणि पुढच्या माशाला त्याची चव लागते. दुसऱ्या वेळेनंतर ती इतकी पातळ आणि तडकलेली होते की तिचे तुकडे करून निखाऱ्यांवर धुरासाठी टाकलेले बरे. चारपैकी तीन फळ्या आता संपल्या आहेत.

जेवण झाल्यावर मी फळी भिंतीशी टेकवून ठेवली होती. ती विझलेली दिसत होती. तासाभराने गच्चीचे दार लावायला गेले तेव्हा अंधारात तिच्या मागच्या बाजूला बोटभर लाल रेघ दिसली. लाकूड आतल्या आत धुमसत होते आणि वाऱ्याने ते पुन्हा फुलले होते. शेजारीच वाळत घातलेली चादर होती. तेव्हापासून मासा उतरवला की फळी आधी त्याच भिजवणीच्या परातीत उताणी बुडवते, चर्र आवाज थांबेपर्यंत हाताने दाबून धरते, आणि रात्रभर तशीच पाण्यात राहू देते.